समासातल्या प्रश्नांना उत्तरे : पहिले पुस्तक लिहिणाऱ्याने संपादकाबरोबर काम कसे करावे

मराठीत पहिले पुस्तक लिहिणाऱ्या बहुतेकांची गाठ आधी मुद्रितशोधकाशी (प्रूफरीडरशी) पडते आणि नंतर, पडलीच तर, संपादकाशी. त्यामुळे संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, अशी समजूत करून घेऊन लेखक संहिता पाठवतो आणि काही महिन्यांनी ‘तिसऱ्या प्रकरणानंतर नायकाची बहीण कुठे जाते?’ असा प्रश्न आला की त्याला तो आपल्या अधिकारावरचा घाला वाटतो. याच्या उलट, आपण कसेही लिहून दिले तरी संपादक ते निस्तरून घेईल, असे मानणारेही लेखक असतात. या दोन्ही समजुतींपायी झालेली भांडणे मी पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक स्वभावामुळे होत नाहीत, अवेळी केलेल्या बोलण्यामुळे होतात. आशयाचा विषय मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने (प्रूफे), हातात आल्यावर निघतो आणि जोडाक्षरांची चर्चा पहिल्याच वाचनात सुरू होते. म्हणून पुढचे मार्गदर्शन कामाच्या क्रमाने दिले आहे. कोणत्या टप्प्यावर काय बोलायचे आणि काय राखून ठेवायचे, एवढे कळले तरी हे नाते पुष्कळ सोपे होते.

संहिता पाठवण्यापूर्वी

अर्धी संहिता पाठवून ‘दिशा बरोबर आहे का’ असे विचारण्याचा मोह टाळावा. पूर्ण झालेली संहिता काही आठवडे बाजूला ठेवून, मग कागदावर छापून एकदा सलग वाचावी. पडद्यावर नजरेतून सुटलेली पुनरावृत्ती कागदावर हटकून सापडते. जे दोष तुम्हाला स्वतःला दिसत आहेत ते संपादकासाठी ठेवून देऊ नयेत, कारण त्याचे पहिले वाचन एकदाच होते आणि ते अशा दोषांवर खर्च झाले की खोलवरच्या अडचणीकडे लक्ष जायला उसंत उरत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये, एकाच फाइलमध्ये, पानांना क्रमांक देऊन पाठवावा. संहिता पूर्वी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर रूपांतर केल्यावर ती आरंभापासून शेवटपर्यंत वाचण्याला पर्याय नाही. रफार आणि अर्धा र यांची गल्लत या रूपांतरात नेहमीची आहे. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले की सह्याद्रीच्या वर्णनात एकाएकी समुद्र उसळतो, आणि संगणकाचा शब्दतपासनीस त्यावर काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

सोबत एक पानाचे टिपण जोडावे. पुस्तक कशाविषयी आहे, त्यातला कोणता भाग आधी दिवाळी अंकांत किंवा नियतकालिकांत आला आहे, दुसऱ्यांच्या कवितांच्या वा गीतांच्या ओळी कुठे उद्धृत केल्या आहेत, छायाचित्रे कोणाकडून मिळाली आहेत आणि, आत्मकथन असेल तर, कोणत्या हयात व्यक्ती खऱ्या नावाने आल्या आहेत, हे त्यात स्वच्छ लिहावे. ही माहिती संपादकाला शेवटच्या आठवड्यात कळली तर पुस्तक अडकते. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क (कॉपीराइट) टिकतो. त्यामुळे ‘जुनीच तर कविता आहे’ या भरवशावर प्रकरणाच्या माथ्यावर कडवे टाकणे धोक्याचे असते.

संपादन कोण करणार, हे विचारून घेणे

प्रकाशक निवडताना त्याची यादी बघण्यापेक्षा त्याची चार पुस्तके वाचावीत, आणि त्यांतही लेखकांची मनोगते वाचावीत. जिथे संपादन मनापासून होते तिथे लेखक संपादकाचे नाव घेऊन, त्याने नेमके काय सुचवले ते लिहितो. ‘प्रकाशकांनी अल्पावधीत देखणे पुस्तक काढले’ एवढेच लिहिले असेल, तर काय समजायचे ते समजावे.

बोलणी सुरू झाल्यावर संपादन कोण करणार, त्याला साधारण किती काळ लागेल आणि बदल माझ्या नजरेखालून जातील का, हे सरळ विचारावे. यात काही उद्धटपणा नाही. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणारे किंवा ठरावीक प्रती लेखकाने विकत घ्याव्यात अशी अट घालणारे प्रकाशक पुष्कळ आहेत. त्यांच्या ‘पॅकेज’मध्ये संपादन हा शब्द असतो, पण त्याखाली प्रत्यक्षात एकदाचे मुद्रितशोधनच येते. तो व्यवहार करूच नये असे माझे म्हणणे नाही, मात्र अशा वेळी संपादक आपला आपण शोधावा.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संपादकाकडून आधी हजारेक शब्दांचा नमुना संपादित करून घ्यावा आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. नमुना निवडताना आपले सर्वांत चांगले पान न देता, आपल्याला स्वतःला खटकणारे पान द्यावे. तुमचा खटका त्याच्याही लक्षात आला आणि त्याने तो मिटवताना तुमचे वाक्य तुमचेच ठेवले, तर माणूस कामाचा आहे. वाक्यांना सफाई आली पण ती कोणाचीही वाटू लागली, तर आभार मानून दुसरीकडे जावे.

करारातील चार ओळी

मराठी प्रकाशनव्यवहारात पुष्कळसे काम अजून शब्दावर चालते आणि ‘आपण घरचेच’ या वाक्याला विलक्षण वजन आहे. तरीही लेखी करार करावाच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) टक्केवारी, ते छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, आणि हिशेब वर्षातून केव्हा मिळणार, हे त्यातच लिहून घ्यावे. त्याचा संपादकाशी संबंध नसतो. पैशांची तक्रार संपादकाकडे नेऊ नये, त्याने दोन्ही कामे बिघडतात.

संपादनाच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ वेगळी आहे : आशयातील बदल लेखकाच्या लेखी संमतीनेच होतील आणि शुद्धलेखन प्रकाशनसंस्थेच्या पद्धतीनुसार राहील. ही एक ओळ दोघांनाही मोकळे करते. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, आपल्या कृतीची अशी मोडतोड की जिच्यामुळे आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल, तिला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. ‘मिळुन’चे ‘मिळून’ केले म्हणून कोणी या कलमाचा आधार घेऊ नये, पण शेवटचे प्रकरण न विचारता गाळले तर हे कलम आठवावे.

संपादकाचे पहिले पत्र

संहिता स्वीकारली गेली की चांगला संपादक आधी सबंध पुस्तकाविषयी पत्र लिहितो आणि त्यानंतर ओळींना हात लावतो. या पत्राची मराठीत मोठी परंपरा आहे. १९३३ साली सुरू झालेल्या आणि १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे, तसेच मौज प्रकाशन गृहाचे, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना कथेविषयी सविस्तर लिहीत, पुनर्लेखन सुचवत आणि नव्या लेखकाच्या बाबतीतही ही मेहनत घेत. ‘साभार परत’चा अनुभव पुष्कळांना आला, पण परत आलेल्या कथेबरोबर ती का परत आली हेही अनेकांना कळले, आणि त्यावर त्यांची पुढची कथा उभी राहिली.

याच परंपरेची दुसरी बाजूही नवलेखकाने माहीत करून घ्यावी. लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या अनियमित अंकांच्या, चळवळीतील तरुण लेखकांनी १९६९ साली ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्यामागे अनेक कारणे होती. लेखक-संपादक नात्यापुरते पाहिले, तर एका अभिरुचीच्या चाळणीतून सगळ्या मराठीने का जावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. संपादकाची बारकाईची नजर आणि त्याची अभिरुची ही जोडीनेच येतात. पत्र वाचताना यातले काय नजरेने सांगितले आहे आणि काय आवडीने, हे वेगळे करायला शिकावे. ‘निवेदक तीन ठिकाणी तीन वयांचा वाटतो’ हे नजरेचे बोलणे आहे. ‘शिव्या जरा कमी करता येतील का’ हे बहुधा आवडीचे.

पत्र आले की त्याच दिवशी उत्तर देऊ नये. मिळाल्याची पोच द्यावी, वाचून कळवतो म्हणावे आणि आठवडाभर थांबावे. पहिल्या वाचनात पत्रातली स्तुती दिसत नाही आणि दुसऱ्या वाचनात टीका तितकी बोचत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. उत्तर देताना रचनेच्या प्रश्नांविषयीच लिहावे : कोणते प्रकरण कुठे जाईल, काय गळेल, काय नव्याने लिहिले जाईल आणि ते कधीपर्यंत होईल. एखादे वाक्य कसे वाचायचे होते, याचे स्पष्टीकरण इथे देण्यात दोघांचाही वेळ जातो.

समासातले प्रश्न

रचना ठरल्यानंतर ओळीओळींचे संपादन सुरू होते. या कामात संपादक काय करतो आणि लेखकाने काय करायचे असते, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, ग्रामीण पार्श्वभूमीच्या एका कादंबरीत असा परिच्छेद आहे :

‘सकाळची कोवळी किरणे अंगणात पसरली होती. अण्णा ओसरीवर बसून विचारांच्या गर्तेत हरवून गेले होते. त्यांच्या मनात असंख्य आठवणींचे काहूर माजले होते. आज सोसायटीचा माणूस वसुलीला येणार होता आणि घरात एक दमडीही नव्हती. त्यामुळे ते खूप अस्वस्थ झाले होते.’

समासात संपादकाच्या तीन नोंदी आहेत. पहिल्या तीन वाक्यांपुढे त्याने ‘खरी गोष्ट चौथ्या वाक्यात सुरू होते, ही काढावीत का?’ असे विचारले आहे. चौथ्यापुढे लिहिले आहे : ‘माणूस म्हणजे कोण? गटसचिव? शिवाय प्रकरण २ मध्ये उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते झाले असे अण्णाच सांगतात. मग थकबाकी कसली?’ शेवटच्या वाक्यापुढे फक्त एवढेच : ‘अस्वस्थता दिसावी.’

नवा लेखक इथे बहुधा फोन उचलतो आणि समजावून सांगतो की प्रकरण २ मधले ते पीककर्ज होते, हे विहिरीवरच्या मोटारीचे कर्ज आहे, आणि गावाकडे कोणालाही विचारले तरी हे कळेल. स्पष्टीकरण अगदी बरोबर असते, पण ते पुस्तकात नसते. संपादकाला फोनवर उत्तर मिळाले तरी वाचकाचा प्रश्न तसाच राहतो, आणि वाचकांच्या वतीने हा प्रश्न विचारणे हेच तर संपादकाचे काम आहे. म्हणून समासातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संहितेत द्यायचे, किंवा ते उत्तर संहितेत दुसरीकडे कुठे आहे ते दाखवायचे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. वरचा परिच्छेद लेखकाने पुन्हा लिहिला तो असा :

‘सोसायटीचा गटसचिव आज येणार होता. गेल्या साली पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर वळते झाले होते, पण मोटारीचे कर्ज तसेच होते. अण्णा उजाडल्यापासून ओसरीवर बसून होते. चहा दोनदा समोर आला आणि दोनदा गार होऊन आत गेला.’

यातला चहा संपादकाने सुचवलेला नाही. त्याने फक्त जागा दाखवली. हे ध्यानात ठेवावे, कारण काही संपादक जागा दाखवून न थांबता पर्यायी वाक्यही लिहून देतात, आणि ते वाक्य तयार आहे म्हणून स्वीकारण्याचा आळस लेखकाला होतो. संपादकाचे वाक्य तात्पुरते समजावे. त्याने अडचण कोणती ओळखली तेवढे घ्यावे आणि वाक्य आपले आपण लिहावे. पुष्कळदा असेही होते की सुचवलेली दुरुस्ती साफ चुकीची असते, पण जिथे बोट ठेवले ती जागा खरोखरच कच्ची असते. दुरुस्ती नाकारली म्हणून जागाही निर्दोष ठरवून मोकळे होणे, ही लेखकांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

कामाची पद्धत आधीच ठरवून घ्यावी. वर्डमध्ये काम करणार असाल तर बदलांची नोंद ठेवणारी सोय, म्हणजे ट्रॅक चेंजेस, दोघांनीही चालू ठेवावी. एका वेळी फाइल एकाच्याच हातात असावी आणि फाइलच्या नावात तारीख असावी. ‘अंतिम’, ‘खरोखर अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशा नावांच्या फाइलींनी जुनीच संहिता छापायला गेल्याचे प्रकार घडतात. संपादक कागदावर काम करणारा असेल, आणि जुन्या पिढीतले अनेक जण तसे आहेत, तर त्याचा कागद जपून ठेवावा आणि प्रत्येक नोंदीसमोर वेगळ्या रंगाच्या पेनाने ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘बोलू’ असे लिहावे. अमान्य असेल तिथे एका ओळीत कारण द्यावे. ‘मला असेच आवडते’ हेही कारण चालते, फक्त ते दर पानावर येऊ नये.

बोली, नियम आणि लेखनसूची

मराठीत लेखक आणि संपादक यांच्यात सर्वाधिक खटके उडतात ते भाषेच्या प्रमाणरूपावरून. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाड्यातली बोली संहितेत असेल, आणि ती वाचणारा संपादक पुण्या-मुंबईचा असेल, तर ‘पानी’चे ‘पाणी’ होण्याची भीती लेखकाला वाटते, आणि ती अनाठायी नाही. पण दुसऱ्या बाजूनेही विचार करावा. एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर ‘पानी’ आणि पुढच्या पानावर ‘पाणी’ येत असेल, तर लेखकाला नेमके काय हवे आहे, हे संपादकाला कळणार तरी कसे?

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १८ नियम आहेत. त्यांतले १४ नियम १९६२ मधले आणि ४ नियम १९७२ मधले. बहुतेक प्रकाशनसंस्था त्यांनाच धरून चालतात. पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्या नियमांतच आहे, त्यामुळे संवादांतल्या बोलीसाठी नियमांशी भांडण्याची गरज पडत नाही. प्रश्न येतो तो निवेदनाचा. निवेदकच बोलीत बोलत असेल तर सबंध पुस्तकाची भाषा ठरवावी लागते, आणि ती ठरवण्याची जबाबदारी लेखकाची आहे.

यासाठी लेखनसूची तयार करून ती संहितेसोबतच द्यावी. साध्या वहीच्या पानावर दोन रकाने पुरतात. निवेदनात ‘करणे, असे, केले’ की ‘करणं, असं, केलं’. संवादात ‘ण’ कोण म्हणते आणि ‘न’ कोण. अण्णा की आण्णा. ‘हापिस’ कोणाच्या तोंडी आणि ‘ऑफिस’ कोणाच्या. आई, आय, माय, बय यांपैकी कोणते घर काय म्हणते. गावाचे नाव लोक उच्चारतात तसे की फलकावर लिहिलेले असते तसे. आकडे अंकांत की अक्षरांत. पात्र शहरात जाऊन आल्यावर त्याची भाषा बदलत असेल, तर कोणत्या प्रकरणापासून बदलते तेही लिहावे. ही सूची संपादकाला, मुद्रितशोधकाला आणि अक्षरजुळणी करणाऱ्याला, अशी तिघांनाही द्यायची असते. मी पाहिलेल्या कामांत ज्या लेखकांनी अशी सूची दिली त्यांच्या बोलीला कोणी हात लावला नाही, आणि ज्यांनी ती दिली नाही ते मुद्रितांच्या तीनशे पानांवर ‘न’ परत आणत बसले.

शब्दार्थांचाही निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. अनोळखी शब्दाला तळटीप, शेवटी शब्दसूची, की काहीच नाही? कथा-कादंबरीत तळटीप मला नकोशी वाटते. नागपूरच्या वाचकाला मालवणी शब्द अडला तर तो पुढच्या दोन वाक्यांत आपोआप उलगडेल अशी सोय लेखकाने करावी, आणि तसे होत नसेल तिथे शेवटच्या सूचीचा आधार घ्यावा. वैचारिक किंवा संशोधनपर पुस्तकाचे गणित अर्थातच वेगळे. तिथे टिपा हव्यात.

अक्षरवळणाविषयीही एक बारीकसा मुद्दा आहे. ल आणि श ही अक्षरे दोन वळणांनी लिहिली जातात. त्यांतला देठाचा ल आणि शेंडीफोडा श वापरावा, असे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आहे. खाजगी प्रकाशक मात्र आपापल्या पसंतीचा फाँट वापरतात. यावर मत असेल तर ते एकदा सांगावे आणि विषय सोडून द्यावा.

मतभेद झाल्यावर

मतभेद होणारच. ते समोरासमोर किंवा फोनवर मिटवावेत, पण मिटल्यावर काय ठरले ते त्याच दिवशी ईमेलने दोन ओळींत कळवावे. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर परिच्छेदांमागून परिच्छेद पाठवू नयेत. वयाने, अनुभवाने मोठ्या संपादकाला आपण ‘सर’ किंवा ‘ताई’ म्हणतो, आणि त्या संबोधनाबरोबर मान्य नसलेली गोष्टही मान्य करण्याची आपल्याकडे रीत आहे. संबोधन ठेवावे, रीत सोडावी. ‘ताई, हा प्रसंग गाळायला माझी तयारी नाही, पण तो लांबला आहे हे पटते, मी तो अर्ध्यावर आणून पाहतो’ असे म्हणण्यात कोणाचाही अवमान होत नाही.

आक्षेप अभिरुचीचा आहे की कायद्याचा, हे मात्र नीट विचारून घ्यावे. हयात व्यक्तीविषयीचे एखादे विधान काढा, असे संपादक म्हणत असेल तर तो भित्रा आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. अब्रुनुकसानीबद्दल आपल्याकडे दिवाणी दावाही होऊ शकतो आणि फौजदारी खटलाही, आणि त्यात लेखकाबरोबर प्रकाशकही ओढला जातो. अशा जागी पुराव्याची कागदपत्रे दाखवावीत. ती नसतील तर विधान बदलावे.

आत्मकथन करणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, संपादकाला कितपत विश्वासात घ्यावे हा प्रश्न पडतो. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा लेखिका कोण, यावर गदारोळ उठला, आणि तरीही प्रकाशक ह. वि. मोटे यांच्याकडून नाव फुटले नाही. त्या लेखिकेचे, म्हणजे मालतीबाई बेडेकरांचे, नाव पुढे कित्येक वर्षे गुप्त राहिले. तेवढी खात्री आज कोणाविषयी वाटत असेल तर सगळे सांगावे, कारण खरी घटना माहीत असलेला संपादक ती लपवायलाही मदत करू शकतो. टोपणनाव वापरणार असाल तर खरे नाव कोणाकोणाला ठाऊक असेल, ते करारात लिहून घ्यावे.

आणि मतभेद मिटतच नसेल तर? आपल्याला ज्यांवर हटून बसायचे आहे अशा जागा मोजक्याच ठेवाव्यात. सबंध पुस्तकात अशा पाच-सहा जागा असल्या की संपादक त्या जपतो. साठ असल्या की त्याला तुमचे महत्त्वाचे कोणते तेच कळत नाही. मतभेद पुस्तकाच्या गाभ्याविषयीच असेल, तर संहिता मागे घेणे हा सभ्य मार्ग आहे, आणि तो अक्षरजुळणीपूर्वी चोखाळावा.

मुद्रिते

मांडणी होऊन पाने आली की नवे सुचणे थांबवायचे. हे सांगणे सोपे आहे, पण छापील पान पाहताच प्रत्येक लेखकाला नवे सुचू लागते. त्यामागचे अर्थशास्त्र समजून घ्यावे. डेमी आकाराचे पुस्तक साधारणतः १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, छापले जाते. १६० पानांचे पुस्तक म्हणजे १० फर्मे. तुम्ही हौसेने घातलेल्या दीड परिच्छेदामुळे ते १६२ पानांवर गेले, तर एकतर जादा तुकडा छापावा लागतो किंवा दुसरीकडून दोन पाने कापावी लागतात. शिवाय मधल्या एका ओळीने पुढची सगळी पाने सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते.

मुद्रित दोनदा वाचावे. एकदा मजकुरासाठी, आणि दुसऱ्यांदा मजकूर न वाचता : प्रकरणांची नावे, पानाच्या माथ्यावरची नावे, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक, छायाचित्रांच्या ओळी, अर्पणपत्रिका, आपले स्वतःचे नाव. मोठ्या टायपातल्या चुका सर्वांच्या नजरेतून सुटतात. युनिकोडमधला मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना काही जोडाक्षरे फुटतात, ती एकदा सापडली की सगळीकडे शोधायला सांगावे. सुटलेला शब्द काकपद (शब्द सुटल्याची ‸ ही खूण) देऊन समासात लिहावा, ओळींच्या मध्ये दाटीने लिहू नये. दुसरे मुद्रित आल्यावर त्यात नव्या चुका शोधण्यापूर्वी पहिल्यातल्या दुरुस्त्या एकेक करून पडताळाव्यात, कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी झालेली असू शकते.

या टप्प्यावर संपादकाला आशयातली मोठी चूक दिसली, तर तो ती सांगेलच, आणि तुम्हीही सांगावी. सनावळी चुकली असेल, मेलेले पात्र पुन्हा चहा पीत असेल, तर खर्चाची पर्वा करू नये.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ

मुखपृष्ठाबाबत नापसंती कळवण्याचा अधिकार लेखकाला असावा, चित्र काढून दाखवण्याचा नसावा. मलपृष्ठावरचा मजकूर संपादकाला लिहू द्यावा. स्वतःच्या पुस्तकाविषयी शंभर शब्द लिहिणे बहुतेकांना जमत नाही. त्यात कथानकाचा शेवट फुटलेला नाही आणि ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द आलेला नाही, एवढे तपासावे.

पुस्तक हातात आल्यावर

प्रत मिळाली की पहिल्याच आठवड्यात चूक सापडते. ती समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, संपादकाला रागाने कळवूही नये. एक प्रत बाजूला काढून तिच्यावर ‘दुरुस्तीची प्रत’ असे लिहावे आणि तुम्हाला व वाचकांना सापडलेल्या सगळ्या चुका तिच्यातच नोंदवाव्यात. वाचकांची पत्रे, मेसेज यांतून आलेल्या तथ्यविषयक हरकतीही तिथेच टिपाव्यात आणि पडताळून पाहाव्यात. पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत फरक असतो. पुनर्मुद्रणात फक्त चुका सुधारता येतात, आवृत्तीत भर घालता येते. त्यांपैकी काय होणार आहे, हे प्रकाशकाकडून आधी कळायला हवे, म्हणून दरवर्षी हिशेब येतो त्या सुमारास शिल्लक प्रतींची चौकशी करावी. प्रती संपत आल्या की दुरुस्तीच्या प्रतीची छायाप्रत संपादकाला द्यावी आणि मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी.